पोरीवर अन्याय झाला, पण तो मुंबईने नाही केला

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

गेले आठ-दहा दिवस आपल्या जुन्या शहरातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो आहे. "विदर्भाच्या लेकीवर पुन्हा अन्याय! मुंबईवाल्यांनी अकोल्याचा आवाज दाबला!" खाली पोरीचा फोटो, मागे तानपुऱ्याचं चित्र, आणि कोपऱ्यात दोन पुढाऱ्यांचे फोटो. पुढाऱ्यांचा गाण्याशी काय संबंध ते विचारू नका. आपल्याकडे दुःखाच्या बॅनरवरही फोटो लागतात.

प्रकरण तुम्हाला माहीत आहे. आपल्या भागातली एक पोरगी टीव्हीच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या ऑडिशनला मुंबईला गेली आणि पहिल्याच फेरीत परत आली. मी तिचं नाव लिहिणार नाही. तुम्हीही कमेंटमध्ये लिहू नका. तिचं नाव आधीच फार लिहून झालं आहे, आणि तिच्या त्रासाचं अर्धं कारण तेच आहे.

मी कोण, तर मी पेटी वाजवतो. पोट दुकानावर चालतं, जीव पेटीत. तीस वर्षं झाली. भजनी मंडळ, गणपती, नवरात्र, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या घरचं बारसं, सगळीकडे साथ केली. ही पोरगी चौथीत होती तेव्हापासून तिच्या गाण्याला माझी पेटी आहे. म्हणजे खाली ज्यांना ज्यांना मी दोष देणार आहे, त्यांच्यात पहिला नंबर माझा. हे आधीच सांगून ठेवतो.

परवा दुपारी ती दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. बसली, पाणी प्यायली आणि एकदम म्हणाली,

"काका, तुम्ही तरी खरं सांगा. मले बाहेर काढलं ते बरोबरच काढलं ना?"

मी म्हटलं, "काऊन असं म्हणतेस?"

"मले पहिला सूरच नाई भेटला. ट्रॅक नव्हता. लय वर धरलं मी. दुसऱ्या ओळीले आवाज फाटला. मंग त्यायनं दुसरं गाणं म्हन म्हटलं, तं मायं पाठच नव्हतं. मंग म्हटलं, हीच ओळ नुसत्या आकारात म्हन. ते बी नाई आलं. धन्यवाद म्हटलं त्यायनं. चांगलं बोलले, काका. कोनी रागावलं नाई. आन् इथं सगळे म्हंतात अन्याय झाला. सगळे खोटं काऊन बोलतात?"

मंडळी, या पोट्टीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

ती सकाळी सातला रांगेत लागली होती. नंबर आला दुपारी चारला. आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. त्या दोन मिनिटांत जे झालं ते तिला नीट कळलं आहे. कुठे चुकलं ते तिला पाठ आहे. सोळा वर्षांची पोरगी स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, आणि आपण पन्नाशीचे लोक तिला सांगतो आहोत की तुझी चूक नाहीच, मुंबईची आहे! चूक कळली होती ना तिला? मग सुधारली असती. तीच तिच्या हातातली एक गोष्ट होती. ती आपण काढून घेतली. अन्याय म्हणतात तो हा.

आता हिशेब मांडू. तिला आजपर्यंत काय काय दिलं आपण?

टाळ्या दिल्या. गणपतीत गायली, टाळ्या. नवरात्रात गायली, टाळ्या. सूर चुकला तरी टाळ्या, शब्द विसरली तर जास्त टाळ्या, कारण "लहान आहे, हिंमत पाहा". शाली दिल्या, स्मृतिचिन्हं दिली. तिच्या घरी एक आख्खं कपाट भरलं आहे. एका वर्षी कुणीतरी बॅनरवर "अकोल्याची लता" छापलं. पोरगी तेव्हा सातवीत होती. सातवीतल्या पोरीला लता म्हटलं की तिने पुढे शिकायचं काय?

आणि एक गोष्ट कुणीच दिली नाही. "बाई, तुझा पंचम कमी लागतो आहे" असं सांगणारा एक माणूस दिला नाही.

मी तर त्याहून वाईट केलं. पेटीवाल्यांना कळेल मी काय म्हणतो ते. गाणारा घसरला की साथीदाराला दोन वाटा असतात. एक म्हणजे सूर धरून ठेवायचा, म्हणजे गाणाऱ्याला आपण घसरलो ते कळतं. दुसरी म्हणजे त्याच्या मागे मागे बोटं फिरवायची, आवाज थोडा मोठा करायचा आणि चूक झाकून टाकायची. मी सात वर्षं दुसऱ्या वाटेने गेलो. कार्यक्रम छान झाला, लोक खूश, आईबाप खूश, मीही खूश. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती पुढे तीसएक वर्षं टिकली. पेटीचे सूर ठरलेले, त्यात आपल्या गाण्याची मींड आणि बारीक श्रुती बसत नाहीत, हा मुख्य आक्षेप. मला त्या बंदीचा नेहमी राग यायचा. आता वाटतं, बिचारी पेटी नाही, तिच्यामागचा माझ्यासारखा माणूस बंद ठेवायला हवा होता.

पेटीनंतर आला कराओके. घरोघरी मोबाईल, ब्लूटूथचा डबा, त्यात एको. एको म्हणजे गाण्यावर घातलेली मलाई. खाली दूध नासलं तरी वरून दिसत नाही. ट्रॅक मूळ गाण्याच्या पट्टीत असतो. ती पट्टी त्या मोठ्या गायिकेच्या गळ्याची, आपल्या पोरीच्या गळ्याची नाही. पण ट्रॅक तसा आहे म्हणून पोरगी तशीच ओढते. शंभरदा त्या ट्रॅकवर गाते, आणि आपल्याला वाटतं तयारी झाली. तयारी ट्रॅकची झालेली असते. ट्रॅक काढला की पोरीला स्वतःची पट्टी कोणती तेच माहीत नसतं. काळी चार की काळी पाच की पांढरी कुठली, विचारा आपल्या घरच्या गाणाऱ्या पोराला आज रात्री. दहातले किती सांगतात पाहा.

कुणी म्हणेल, "अहो, ती परीक्षा पास आहे." हो, आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपली पोरं देतात, चांगलीच गोष्ट आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा सामान्य घरातल्या मुलाला गाणं शिकायला दार कुठे होतं? त्यांनी ते उघडलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत, एकेक चढायला मेहनत लागते. पण आपण त्या पायऱ्यांचं काय केलं? दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून गाण्याच्या क्लासमध्ये गर्दी वाढली. गुण मिळाले की अकरावीत तबला माळ्यावर. ही गाण्याची आवड नाही, ही टक्केवारीची आवड आहे. आणि परीक्षा वेगळी, ऑडिशन वेगळी. परीक्षेत विचारतात, "एवढं येतं का?" आलं की पास, शंभर असले तर शंभरही पास. ऑडिशनमध्ये विचारतात, "या हजारांत तुलाच का ऐकायचं?" या प्रश्नाचं उत्तर सर्टिफिकेटवर छापलेलं नसतं. ते गळ्यात असावं लागतं.

आता तुमचे आक्षेप घेतो. सगळे चुकीचे नाहीत.

"विदर्भाला मुंबईत कुणी विचारत नाही." बरं. मग आपल्या विदर्भाची वैशाली माडे मराठी सारेगमप जिंकली आणि २००९ साली हिंदीचंही सारेगमप जिंकली, ती कशी? अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे मराठी गझल घेऊन महाराष्ट्रभर गेले, त्यांना काय मुंबईने आष्टगावात येऊन पालखीत बसवून नेलं? याच अकोल्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करत होते आणि त्यांची संगीत नाटकं किर्लोस्कर मंडळी रंगभूमीवर आणत होती. तेव्हा तर आजच्यासारख्या गाड्याही नव्हत्या. वऱ्हाडातून निघालेला आवाज पोचत नाही, हे खरं नाही. कच्चा आवाज पोचत नाही, मग तो अकोल्याचा असो की दादरचा.

"आपली बोली ऐकून हसतात." हसत असतील. मला माझ्या वऱ्हाडीची लाज नाही, घरात मी तीच बोलतो. पण गाण्यात 'आभाळ'चं 'आभाय' आणि 'सावळा'चा 'सावया' झाला तर ऐकणारा थांबणारच. लता मंगेशकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिलीपकुमार मराठी गाणाऱ्यांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो असं काहीसं बोलले. बाईंना लागलं. पण त्यांनी "महाराष्ट्राच्या लेकीवर अन्याय" असं पत्रक काढलं नाही. उर्दू शिकवायला शिक्षक ठेवला. पुढे काय झालं ते साऱ्या जगाने ऐकलं. "अकोल्याची लता" छापणाऱ्यांनी लताची ही गोष्टही छापावी कधीतरी. पोरीची वऱ्हाडी काढून घेऊ नका. तिच्या तोंडाला 'ळ' वेगळा शिकवा. दोन्ही राहतात.

"टीव्हीवाल्यांना गाणं नकोच असतं, रडकी गोष्ट हवी असते." यात तथ्य आहे. तो धंदा आहे. कुणाच्या घरची गरिबी, कुणाचा आजार, असं काही जोडलं की पडद्यावर चालतं. प्रेक्षकांच्या एसएमएसवर निकाल लागायचे तेव्हा आपणही मोबाईलच्या दुकानासमोर टेबल टाकून मतं गोळा केली आहेत, विसरलो का? म्हणून मी म्हणतो, टीव्ही हा मोठेपणाचा माप नाही. तिथे निवड झाली म्हणजे गवई झाला असं नाही, आणि नाही झाली म्हणजे गाणं संपलं असंही नाही. पण पोरगी गोष्टीच्या फेरीपर्यंत गेलीच नव्हती. ती पहिल्या सुराच्या फेरीत थांबली. तिथे राजकारण कुठून आलं?

"लांब पडतं." हा आक्षेप मात्र सोळा आणे खरा. मुंबई आपल्यापासून पावणेसहाशे-सहाशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीत बसायचं, रिझर्व्हेशन मिळालं तर ठीक, नाहीतर दाराजवळ. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं आणि लोकल पकडून रांगेत. अंधेरीची पोरगी झोपून, आईच्या हातचं खाऊन येते. आपली पोरगी रात्रभर जागी, गळा कोरडा, पोटात वडापाव. दोघींना दोन मिनिटं सारखीच. हा फरक मी नाकारत नाही. पण तो मिटवायला काय लागतं? एक दिवस आधी जायचं, एक रात्र धड झोपायचं. दोन माणसांचा राहण्या-खाण्याचा खर्च. आपल्या कुठल्याही मंडळाच्या एका रात्रीच्या डीजेत अशा किती पोरी झोपून जातील, मोजा. तिला पाठवताना स्टेशनवर ढोल घेऊन पन्नास जण आले होते. पन्नास जणांनी शंभर-शंभर रुपये काढले असते तर ढोलाची गरज नव्हती.

"वशिला लागतो." हे वाक्य मीही वापरलं आहे. तरुणपणी मी एका ठिकाणी वाजवण्याच्या चाचणीला गेलो होतो. कुठे ते सांगत नाही. नापास झालो. घरी येऊन सांगितलं की तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं. घरच्यांनी मानलं, मित्रांनी मानलं, वीस वर्षांत मीही मानलं. खरं असं आहे की विलंबित लयीत माझा हात धावला. ठेका पुढे आणि मी त्याच्याही पुढे. मला तेव्हाच कळलं होतं. पण "वशिला" म्हटलं की परत जाऊन लय पक्की करायचं कष्ट वाचतात. माझे वाचले. वीस वर्षं वाचले. आज ती पोरगी समोर बसली होती तेव्हा मला माझाच चेहरा दिसला.

वशिल्यावर उपाय लोकांनी आधीच शोधून ठेवला आहे. बाळकृष्ण केसकर, आपले मराठी माणूस, १९५२ पासून १९६२ पर्यंत नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ऑडिशनची कडक पद्धत आली. गाणाऱ्याचं नाव कळू नये, चेहरा दिसू नये, फक्त आवाज ऐकून ठरवावं, ही त्यामागची कल्पना. तेव्हा गायक-वादकांत मोठी नाराजी झाली. इतकी वर्षं गाणाऱ्याची परीक्षा कोण घेणार, हा प्रश्नही चूक नव्हता. केसकरांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी सिनेमाची गाणी रेडिओवरून हटवली आणि लोक रेडिओ सिलोनकडे गेले. पण ऑडिशन राहिली. बी, बी हाय, ए आणि टॉप या श्रेणी आजही आकाशवाणीत आहेत, आणि ज्याला श्रेणी मिळाली तो ती नावापुढे अभिमानाने लावतो. तिकडे अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० नंतर हळूहळू असंच केलं. वाजवणारा पडद्यामागे. काही ठिकाणी तर खाली गालिचा टाकत, म्हणजे चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष तेही कळू नये. त्यानंतर तिथे बायकांचं प्रमाण वाढलं.

बघा, यात दोन्ही गोष्टी आहेत. पडदा वशिला थांबवतो. आणि तोच पडदा आपली सगळी कारणंही थांबवतो. पडद्यामागे अकोला नाही, मुंबई नाही, बॅनर नाही, शाल नाही. फक्त सूर. आपल्याला खरंच अन्यायाची चीड असेल तर आपण पडदा मागितला पाहिजे. पण मग पडद्यामागे उभं राहायची तयारीही पाहिजे.

तयारी म्हणजे काय, हेही सोप्या शब्दांत लिहितो, कारण फार आईबाप विचारतात.

ऑडिशनची जाहिरात आली की पंधरा दिवसांची धावपळ, ही तयारी नाही. आपल्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन सतरा-अठरा किलोमीटर चालत राजराजेश्वराला आणणारं गाव आहे हे. कावड त्या दिवशी उचलली जाते, पण खांदा त्या दिवशी तयार होतो का? महिनाभर आधीपासून पोरं लागलेली असतात. कुणी कुठे धरायचं, कुणी कुठे खांदा बदलायचा, सगळं ठरलेलं. नव्या पोराला पहिल्याच वर्षी पुढचा खांदा देत नाहीत. गाण्यात मात्र आपण पहिल्याच वर्षी पुढचा खांदा देतो, आणि पाणी सांडलं की म्हणतो रस्ता वाईट होता.

तर, पहिलं. पोराची स्वतःची पट्टी शोधा. मूळ गाण्याची नाही, त्याच्या गळ्याची. वरचा सूर ओढून-ताणून आणि खालचा सूर पुटपुटून लागत असेल तर पट्टी चुकली.

दुसरं. तानपुरा मोबाईलमध्ये मिळतो. तो लावा, सा भरा, गाणं सुरू करा आणि मग तानपुरा बंद करा. कडवं संपल्यावर परत लावा. आपण जिथे होतो तिथेच आहोत का? नसू तर अजून ऑडिशनचं नाव काढायचं नाही. हे रोज करायचं. याला पैसे लागत नाहीत.

तिसरं. एकच गाणं चार प्रकारे आलं पाहिजे. शब्दांत, आकारात, निम्म्या लयीत, आणि मधूनच अंतऱ्यापासून. ऐकणारा कुठूनही म्हणायला सांगू शकतो. आणि एक गाणं म्हणजे तयारी नव्हे. तीन हवीत, तीन वेगवेगळ्या स्वभावाची.

चौथं. रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका आणि लगेच स्टेटसवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ऐका. कुठे श्वास तुटला, कुठे सूर उतरला, लिहा. आदल्या दिवशीचं प्रेम दुसऱ्या दिवशी थोडं कमी झालेलं असतं, तेव्हा कान खरं ऐकतात.

पाचवं. घरच्यांसमोर नाही, अनोळखी माणसांसमोर गा. दोन तास थांबवून ठेवल्यावर गा. माईकशिवाय, उभं राहून गा. ऑडिशनला तसंच असतं.

आणि शेवटचं आईबापांसाठी. पोर गाऊन आलं की "किती नंबर आला" विचारू नका. "आज काय सापडलं" विचारा.

मी हे काही नवं सांगत नाही. मोठे गवई उभा जन्म हेच करत आले. निवड होण्यासाठी एवढं करायचं का, असं कुणी विचारेल. नाही. निवड दुसऱ्याच्या हातात असते, सूर आपल्या. तो रोज थोडा बरा व्हावा यासाठी करायचं. ज्या पोरीचा सूर पक्का झाला ती टीव्हीवर गेली नाही तरी घरात, भजनात, वर्गात जिथे गाईल तिथे बसलेली माणसं गप्प होतील. हे काय कमी आहे? खंजिरी हातात घेऊन तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं जागी केली ती कुठल्या निकालाची वाट पाहून?

आता बोलणं पुरे, करायचं काय ते सांगतो.

येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या घरच्या माडीवर 'ऐकणं' ठेवतो आहे. मधे एक चादर टांगलेली असेल. चादरीच्या इकडे तीन जाणते कान, तेही आपल्या भागाबाहेरचे. तिकडे गाणारा. नाव नाही, नुसता नंबर. पाच मिनिटं. माईक नाही, ट्रॅक नाही, एको नाही. टाळी वाजवायची नाही. शाल नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळेल, तीत दोनच ओळी. काय चांगलं होतं आणि काय कच्चं आहे. चिठ्ठी गाणाऱ्याच्या हातात, आईबापांच्या नाही. फी नाही. सकाळी सातची वेळ मुद्दाम ठेवली, कारण आठनंतर आपल्या गल्लीत स्पीकर सुरू होतात आणि मे महिन्यात दहानंतर माडीवर माणूस भाजून निघतो.

पुढाऱ्यांना एक सांगणं. "अन्यायाविरुद्ध आवाज उठवू" असं तुम्ही बॅनरवर लिहिलं आहे. आवाज उठवायला शांत जागा लागते. या शहरात पोरांना रियाजाला एक खोली मिळवून द्या. चार भिंती, एक पंखा, बंद होणारी खिडकी, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास. वीस बाय पंधराची खोली बॅनरपेक्षा जास्त दिवस टिकते. त्या खोलीवर तुमचं नाव लिहायला माझी हरकत नाही, मोठ्या अक्षरात लिहा.

आणि ग्रुपवाल्यांना हात जोडून सांगतो, तो मेसेज आता थांबवा. डिलीट करा. त्या पोरीने आठ दिवस गाणं बंद केलं होतं, ते निवड झाली नाही म्हणून नाही. गल्लीतून जाताना प्रत्येक जण "अरेरे" म्हणतो म्हणून.

परवा तिच्या प्रश्नाला मी शेवटी उत्तर दिलं. म्हटलं, "हो बेटा. बरोबरच काढलं. आन् तुयी चूक मायीपेक्षा कमी हाये." ती रडेल असं वाटलं होतं. ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "मंग काका, उद्यापासून पेटी नका वाजवू माया मागे. नुसता सा धरून ठेवा."

आज सकाळी साडेपाचला आली होती. अर्धा तास नुसता सा. मी एक पट्टी दाबून बसलो होतो. ती घसरली तेव्हा मी घसरलो नाही. तीनदा घसरली, तीनदा स्वतःच परत आली.

टाळी वाजवली नाही मी. तुम्हीही या पोस्टवर वाजवू नका. रविवारी या, आणि ऐका.